फेविक्विक, खाण्याचा सोडा आणि लॅपटॉपचा 'तुटलेला' हिंज

लॅपटॉप उघडताना एका कोपऱ्यातून 'कट्' आवाज येतो, बॉडी फाकते आणि फटीतून हिंजचं, म्हणजे झाकणाच्या बिजागरीचं, लोखंड दिसायला लागतं. यावरचा एक रामबाण उपाय व्हॉट्सॲपवर आणि रील्समधून सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: "हिंज तुटला की सर्व्हिस सेंटरवाले हजारो रुपये उकळतात. लॅपटॉप खोलायचीही गरज नाही. फटीत खाण्याचा सोडा भरा, वरून फेविक्विक सोडा, पाच मिनिटांत लोखंडासारखं घट्ट. हिंज कडक झाला असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब टाका. हिंजला वॉरंटी नसतेच, कंपनीच्या नादी लागू नका. फारच तुटलं असेल तर बाहेरून पट्टी मारून बोल्टने आवळा."

घरच्या घरी, दोनशे रुपयांच्या आतल्या सामानात हिंजचं काम होतं, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो या कृतीशी. कारण ती केल्यावर तेच काम पुढे नीट करायची वाटही बंद होते.

सुरुवात पहिल्याच वाक्यापासून करू. "हिंज तुटला." बहुतेक वेळा हिंज शाबूत असतो. हिंज पोलादाचा असतो. त्याची पट्टी बारीक स्क्रूंनी बॉडीला बसवलेली असते. हे स्क्रू ज्यात फिरतात ते पितळी नट प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांमध्ये गरम करून दाबून बसवलेले असतात. तुटतात त्या या खुंट्या. मागचं कव्हर काढलं की पितळी नट स्क्रूला लटकलेले आणि भोवती प्लास्टिकचा चुरा, असं चित्र दिसतं. म्हणजे तुटलंय प्लास्टिक.

ते का तुटलं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्या मेसेजमध्ये तो कुठेच नाही. दाराची बिजागरी मोकळी फिरते. लॅपटॉपची तशी फिरून चालत नाही, कारण झाकण सोडलं तिथे थांबायला हवं. म्हणून हिंजच्या दांड्यावर चकत्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात आणि टोकाला एक नट त्यांना आवळून धरतो. या घर्षणावरच स्क्रीन उभी राहते. मधलं ग्रीस काही वर्षांत सुकतं, दमट हवेत चकत्यांवर गंज चढतो आणि हिंज हळूहळू कडक होत जातो. आपल्याला ते जाणवतही नाही, कारण आपण नकळत थोडा जास्त जोर लावायला लागतो.

आता हिशेब बघा. १५.६ इंची लॅपटॉपचं झाकण वीस-बावीस सेंटिमीटर उंच असतं. हिंजचे स्क्रू दांड्यापासून साधारण दोन सेंटिमीटरवर. झाकणाच्या वरच्या कडेला एक किलोचा जोर लावला आणि हिंज हलायला तयार नसेल, तर स्क्रूंवर त्याच्या दहा-अकरा पट ओढ पडते. मधोमध धरून उघडलं तर ती दोन्ही बाजूंना वाटली जाते. एका कोपऱ्याला धरून उघडलं तर जवळजवळ सगळी एकाच बाजूच्या दोन-तीन खुंट्यांवर येते. रोज उघड-मीट म्हणजे रोज ही ओढ. एक दिवस प्लास्टिक हार मानतं.

म्हणून पहिलं काम हिंज सैल करणं, चिकटवणं दुसरं. हा क्रम चुकला की जगातला कुठलाही गोंद आणा, जागा पुन्हा उखडणार.

"सोडा भरा, फेविक्विक सोडा, लोखंडासारखं घट्ट." यात थोडं सत्य आहे. फेविक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि खाण्याचा सोडा ही क्रिया क्षणार्धात घडवून आणतो. तयार होणारा गोळा खरोखर दगडासारखा कडक असतो. गिटार दुरुस्त करणारे तिच्या 'नट'मधली, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीतली, झिजलेली खाच याच मिश्रणाने भरतात आणि ते काम छान टिकतं. पण तिथे तार त्या भरावाला वरून दाबत असते. हिंजपाशी जोर उलटा, उचकटणारा असतो. सायनोॲक्रिलेटचा पातळ थर सरळ ओढला तर भरपूर ताण सोसतो. कडेने उचकटला किंवा झटका बसला तर काचेसारखा तडकतो. सोडा घातल्याने तो जास्त कडक होतो आणि तितकाच जास्त ठिसूळही. व्हिडिओ बनवणारा खोटं बोलत नसतो, पाच मिनिटांनी त्याचं झाकण खरंच व्यवस्थित उघडतं. महिन्याभराने तेच झाकण कसं आहे, हे दाखवणारा व्हिडिओ मात्र कोणी टाकत नाही.

याहून वाईट भाग पुढे आहे. हा गोंद पाण्यासारखा पातळ असतो आणि बारीक फटी त्याला आत खेचून घेतात. "लॅपटॉप न खोलता फटीतून फेविक्विक सोडा" म्हटलं की तो कुठे जाणार? सर्वांत अरुंद फटी असतात हिंजच्या चकत्यांमध्येच. तिथे एक थेंब पोचला की आधीच कडक असलेला हिंज आता चिकटलेला हिंज होतो. पुढच्या वेळी झाकण उघडताना उरलेल्या खुंट्याही उपटून येतात, आणि अनेकदा दुसऱ्या बाजूच्याही. हिंजच्या शेजारूनच स्क्रीनची केबल आणि वायफायच्या अँटेनाच्या दोन बारीक वायरी झाकणात जातात. या केबलला रोज वळायचं असतं. तिच्यावर गोंद वाळला की ती त्याच ठिकाणी मोडते, मग स्क्रीन लुकलुकते किंवा काळी पडते. म्हणजे प्लास्टिकचा किरकोळ बिघाड डिस्प्लेच्या बिघाडापर्यंत नेऊन ठेवला.

गोंद घट्ट होताना निघणारी वाफ डोळ्यांना चुरचुरते आणि आसपासच्या पृष्ठभागावर पांढरट थर धरते. कॅमेऱ्याच्या काचेवर तो बसला की व्हिडिओ कॉलमध्ये तुम्ही धुक्यात. सांडलेला गोंद कापसाने टिपू नका, कापसाशी त्याची क्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निघते.

बरं, झालेली चूक पुसून टाकू म्हणाल, तर वाळलेलं सायनोॲक्रिलेट विरघळवायला ॲसिटोन लागतं. नेलपॉलिश काढायच्या पुष्कळ द्रावणांत तेच असतं. आणि बहुतेक लॅपटॉपची बॉडी एबीएस किंवा एबीएस-पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची, जी ॲसिटोनमध्ये मऊ पडून विरघळते. गोंद निघेल, सोबत बॉडीही निघेल. दुरुस्तीवाले असे लॅपटॉप बघून कपाळाला हात लावतात तो याचसाठी. नट बसवायला स्वच्छ जागाच उरलेली नसते.

खोबरेल तेलाचं थोडक्यात सांगतो. हिंज घर्षणावर चालतो आणि त्यात घट्ट, चिवट ग्रीस असतं. तेलाने ते पातळ होऊन बाहेर येतं, धूळ धरतं, कधी झाकण जागेवर थांबेनासं होतं. शिवाय खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं, पुण्या-नाशकात थंडीत बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात ताणाखाली असलेल्या एबीएसला तेल लागलं तर बारीक तडे जाऊ शकतात, आणि हिंजभोवतालचं प्लास्टिक ताणाखालीच असतं. कडकपणावरचा खरा इलाज फुकट आहे: दांड्याच्या टोकाचा तो नट पकडीने किंचित सैल करायचा. एकदम अर्धा फेरा नको, अष्टमांश फिरवा आणि तपासा. दोन बोटांनी झाकण हलावं, सोडल्यावर पडू नये, इतपत. काही हिंजना नट नसतो, टोक ठोकून पक्कं केलेलं असतं. तिथे मॉडेल नंबर बघून हिंजची नवी जोडी घ्यावी.

आता 'न खोलता'. खोलावंच लागतं, आणि वाटतं तितकं ते अवघड नाही. डेल, एचपी, लेनोवो आपापल्या बहुतेक मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल संकेतस्थळावर मोफत ठेवतात. कुठले स्क्रू, कुठल्या क्रमाने, सगळं चित्रांसह. रबरी पायांखाली लपलेले स्क्रू विसरू नका. आणि काढलेले स्क्रू कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या-त्या जागी ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरच्या बाजूला टेंगूळ येतं. कव्हर निघाल्याबरोबर बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बाकी सगळं नंतर.

खोलण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मेसेजमधल्या सगळ्या सल्ल्यांत हीच उणीव मला धोक्याची वाटते. बॉडी फाकली की दोष हिंजचाच, असं नसतं. लिथियम बॅटरी फुगली तरी बॉडी फाकते. टचपॅड वर आलाय, त्याचं क्लिक दबत नाही, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो, फट पुढच्या बाजूलाही आहे, अशी लक्षणं दिसली तर चिकटवून किंवा आवळून ती फट बंद करणं म्हणजे फुगलेल्या बॅटरीवर दाब देणं. तिला आग लागू शकते. अशा वेळी चार्जर काढा, मशीन बंद करा आणि दुकान गाठा.

मग घरी करायचं काय? हिंज सैल झाला की तुटलेल्या जागेवरचा चुरा झटकून प्लास्टिक सँडपेपरने खरखरीत करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पितळी नट हिंजच्या पट्टीला त्याच स्क्रूंनी लावून ठेवा, म्हणजे ते आपोआप नेमक्या अंतरावर बसतात. स्क्रूच्या आट्यांना आधी व्हॅसलीनचा हात फिरवा, नाहीतर गोंद आट्यांत शिरून स्क्रू कायमचा अडकतो. मग दोन ट्यूबवाला अराल्डाइट, म्हणजे इपॉक्सी गोंद, समप्रमाणात, नीट घोटून. पाच मिनिटांत सुकणारा नको, हळू सुकणारा घ्या, तो जास्त मजबूत बसतो. नटाच्या भोवती आणि मोडलेल्या खुंटीच्या बुडापर्यंत भरा, पण मागचं कव्हर पुन्हा बसेल इतकीच जाडी ठेवा. एम-सील वापरून फसतात ते इथे: गोळा मोठा होतो आणि कव्हर बसत नाही. लावून झाल्यावर पूर्ण एक दिवस झाकणाला हात लावायचा नाही. सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती या अधीरपणात.

"सर्व्हिस सेंटरवाले उकळतात" ही तक्रार मी पूर्ण खोडणार नाही. पण बिल फुगण्याचं एक कारण साधं आहे: अधिकृत केंद्र खुंट्या जोडत बसत नाही, अख्खा भाग बदलतं. कीबोर्डच्या बाजूचं वरचं पॅनेल बऱ्याच मॉडेलमध्ये कीबोर्डसकटच येतं, म्हणून चार खुंट्यांसाठी कीबोर्डचेही पैसे पडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे याच कामाला बॉडी फॅब्रिकेशन म्हणतात, आणि ते पॅनेल बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

"हिंजला वॉरंटी नसतेच" हे मात्र निखालस चूक. वॉरंटीत अपघाताने झालेलं नुकसान वगळलेलं असतं, सदोष भाग नव्हे. लॅपटॉप पडला नसेल, बॉडीवर ठोका नसेल आणि वॉरंटीच्या मुदतीत खुंट्या उखडल्या असतील, तर 'फिजिकल डॅमेज' हा शिक्का निमूटपणे मान्य करायचं कारण नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तक्रार लेखी द्या, नकारही लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. प्रत्येक वेळी निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं नाही. पण फटीत फेविक्विक ओतलेला लॅपटॉप घेऊन गेलात तर बोलायला तोंडच उरत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर वर दिलेली घरगुती कृतीही करू नका.

राहिली पट्टी आणि बोल्ट. रील्समध्ये चेष्टेचा विषय झालेला हा उपाय त्या मेसेजमधला सगळ्यात शहाणा भाग आहे. खुंट्यांचा पार भुगा झाला असेल तर गोंदाला धरायला काही उरतच नाही. मग बॉडीतून आरपार भोक पाडून एम-२ किंवा एम-२.५ मापाचा (म्हणजे दोन किंवा अडीच मिलिमीटर जाडीचा) चपट्या डोक्याचा बोल्ट, बाहेरून वॉशर आणि आत हिंजच्या पट्टीवर नट. दिसायला ओंगळ, पण ओढ सगळ्या बॉडीवर पसरते, म्हणून टिकतं. फक्त हिंज आधी सैल केलेला हवा आणि भोक पाडण्यापूर्वी केबल बाजूला घेतलेली हवी. झाकणाच्या बाजूला हे करायचं असेल तर स्क्रीन आधी पूर्ण काढून ठेवा, आणि बोल्टचं जास्तीचं टोक कापून कानशीने सपाट करा. स्क्रीनचं पॅनेल जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं, मागून टोचलं की तडकतं.