‘जुना जावा टाका, बिनधास्त चालवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या सेवा केंद्रचालकांच्या, संगणक परिचालकांच्या आणि सीसीटीव्ही बसवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सोबत ड्राइव्हची लिंक आणि तिच्यात एक झिप फाइल. झिपमध्ये जुना फायरफॉक्स ब्राउझर आणि त्याच्या आत चालणारी दोन जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन: तारखेचं कुलूप नसलेला फ्लॅश प्लेयर आणि जावा ७. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी साइट किंवा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा) उघडत नसेल तर हे टाका. आपण वाईट साइटी उघडत नाही, मग धोका कसला? अँटिव्हायरस आहेच. छोट्या केंद्रात चोरण्यासारखं काय आहे? ‘सपोर्ट बंद’ हे नवं मशीन खपवायचं निमित्त आहे. आणि शेवटी, ‘सगळे हेच वापरायलेत, कुणाचं काय झालं?’

त्यातलं खरं आधी मान्य करू. ही लफडी कुणी हौसेने पाळलेली नाहीत. ई-निविदा भरताना डिजिटल स्वाक्षरीसाठी वर्षानुवर्षं जावाशिवाय गत्यंतर नव्हतं. मोंढ्यातल्या आडतीवर दहा वर्षांपूर्वी बसवलेला डीव्हीआर आजही इंटरनेट एक्सप्लोरर आणि त्यातलं ॲक्टिव्हएक्स हे जोड-सॉफ्टवेअरच मागतो. लोकवर्गणीतून डिजिटल झालेल्या शाळांकडच्या कितीतरी सीडींत धडेच फ्लॅशमध्ये आहेत. ब्राउझरवाले मात्र आपापली दारं लावून मोकळे झाले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जावा आणि सिल्व्हरलाइटसारखे प्लगइन चालवणारी यंत्रणाच काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी प्लगइन बंद केले. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट संपवला आणि १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला. मधल्या मधे अडकला तो काउंटरवरचा माणूस. त्याचा राग रास्तच आहे, पण त्यावर या मेसेजने सुचवलेला उपाय घातक आहे.

‘आपण वाईट साइटी उघडत नाही.’ हा मेसेजचा सगळ्यात लाडका मुद्दा, म्हणून जरा सविस्तर बोलतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये फेसबुक आणि ॲपल या दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलं की त्यांच्या काही कर्मचाऱ्यांच्या संगणकांत घुसखोरी झाली होती. ती माणसं काही लॉटरी नाहीतर पायरेटेड सिनेमे बघत बसली नव्हती. मोबाइल ॲप बनवणाऱ्यांसाठीची एक कामाची साइट त्यांनी उघडली. ती आधीच कुणीतरी पोखरलेली होती आणि तिने ब्राउझरमधल्या जावाच्या छिद्रातून, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीतून, आत शिरकाव केला. कुठेही क्लिक नाही, काहीही डाउनलोड नाही. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने लोकांना ब्राउझरमधला जावा सरळ बंद करायला सांगितलं होतं. तो जावा कोणता? हाच, झिपमधला ७.

शिवाय चांगल्या साइटवर जाहिराती कुठून येतात? साइटचा मालक त्या स्वतः निवडत नाही, दुसरंच जाळं तिथे आणून टाकतं. त्या जाळ्यात एक विषारी जाहिरात घुसली की नावाजलेल्या बातम्यांच्या पानावरूनही तुमच्या फ्लॅशपर्यंत पोहोचता येतं. आणि दर वेळी ब्राउझर लागतोच असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लॅशचं जे छिद्र गाजलं, त्याचा मारा एक्सेलच्या फाइलमध्ये फ्लॅशचा तुकडा लपवून झाला होता. ‘लाभार्थी यादी’ नावाची एक्सेल फाइल आली तर आपल्यापैकी किती जण न उघडता राहतील?

दुसरा मुद्दा मेसेजमध्ये उघड लिहिलेला नाही, पण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे: सॉफ्टवेअर चालतंय म्हणजे ठीक आहे. फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्त्यांत ॲडोबीने कुलूप घातलं होतं, १२ जानेवारी २०२१ पासून त्या चालायच्याच थांबल्या. म्हणून झिपवाल्याने कुलूप येण्याआधीची आवृत्ती शोधून दिली आणि फुशारकीही मारली. पण त्या आवृत्तीनंतर, २०२० च्या जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ॲडोबीने फ्लॅशमधली गंभीर छिद्रं बुजवली. म्हणजे कुलूप टाळायच्या नादात त्या दुरुस्त्याही गेल्या. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक बघतात आणि छिद्र नेमकं कुठे होतं ते ओळखतात. दवंडी पिटून सांगितलं की गोदामाच्या मागच्या भिंतीला भगदाड आहे, बाकी सगळ्यांनी आपापली भिंत लिंपून घेतली आणि आपण तेवढे बसून राहिलो, असं हे आहे.

यात वेळ किती लागतो? जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या पाळतीची सॉफ्टवेअर विकणाऱ्या इटालियन कंपनीचा सगळा माल फुटला, त्यात फ्लॅशचं एक अज्ञात छिद्र होतं. काही दिवसांतच ते गुन्हेगारांच्या तयार हत्यारपेट्यांत जाऊन बसलं. त्या पेट्या भाड्याने मिळत, चालवायला हुशारी लागत नसे.

झिपमधल्या फायरफॉक्सचीही तीच गत. जावा चालवणाऱ्या फायरफॉक्सच्या शेवटच्या शाखेचा सपोर्ट २०१८ मध्येच संपला. म्हणजे प्लगइनची छिद्रं वेगळी, ब्राउझरची वेगळी. वर मेसेज सांगतो की जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन सिक्युरिटीचा दांडा ‘मीडियम’वर ओढा. ओरॅकलने जावा ८ च्या एका अपडेटमध्ये ती पायरीच काढून टाकली, आणि ती उगाच काढलेली नाही.

‘इंटरनेट एक्सप्लोरर मेलाय, मेलेल्यावर कोण हल्ला करतं?’ असं एकाने खाली लिहिलंय. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक छिद्र बुजवलं. साधा इंटरनेट शॉर्टकट उघडायला लावून हल्लेखोर समोरच्याचं पान मुद्दाम इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडवत होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी! विंडोज १० आणि ११ ला ती दुरुस्ती मिळाली. केंद्रातल्या विंडोज ७ ला नाही.

अँटिव्हायरसबद्दल दोनच वाक्यं. तो मुख्यतः फाइल आणि तिची ओळखीची लक्षणं बघतो, तर प्लगइनच्या छिद्रातून आलेला कोड कित्येकदा डिस्कवर न उतरता थेट मेमरीत चालतो. तो असावाच, पण उघड्या छिद्राला तो पर्याय नाही.

‘चोरण्यासारखं आहे काय?’ यावर मला खरंच राग येतो. तुमच्या केंद्राचा डाउनलोड फोल्डर उघडा. गावाचे आधार, पॅन, सातबारा, पासबुकांची पहिली पानं, जातीचे दाखले, पीक विम्याच्या पावत्या. कित्येकदा फाइलला नावसुद्धा माणसाचंच. ब्राउझरमध्ये पोर्टलचे पासवर्ड सेव्ह केलेले, मेल कायम लॉगिन. पासवर्ड आणि कुकीज (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) उचलणाऱ्या मालवेअरला एवढंच हवं असतं, कुकी मिळाली की पुष्कळदा ओटीपीचीही गरज उरत नाही. नुकसान तुमचं नसेलही, पण ज्याने विश्वासाने कागद दिले त्या कोरडवाहू शेतकऱ्याचं तर आहे.

याहून नाजूक गोष्ट आहे डिजिटल स्वाक्षरीची. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतली देणी सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल स्वाक्षरीने ऑनलाइन होतात आणि ती स्वाक्षरी ज्यांत असते ती यूएसबी टोकनं पुष्कळ गावांत परिचालकाच्या खणातच असतात (त्यांनी ती तिथे ठेवू नयेत, हा वेगळा विषय). टोकनातली किल्ली बाहेर काढता येत नाही हे खरं. पण टोकन यूएसबीला लावलेलं आहे, पिन कीबोर्डवरून टिपली गेली आहे आणि मशीन दुसऱ्याच्या ताब्यात आहे, तर किल्ली बाहेर काढायची गरजच काय? सही तिथल्या तिथे करता येते.

‘नवं मशीन खपवायचा डाव’ यात थोडं तथ्य आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला तेव्हा धडधाकट मशीनंही अडगळीत निघाली. पण प्लगइन काढायला पैसा लागत नाही. हाताने टाकलेला फ्लॅश ॲडोबीच्या अनइन्स्टॉलरने जातो, जावा कंट्रोल पॅनेलमधून. शाळेच्या सीडीसाठी रफल नावाचं मोफत साधन आहे, जुन्या फ्लॅश फाइल ते मूळ फ्लॅशशिवाय चालवतं. सगळ्याच चालतील असं नाही, पण साधे धडे बहुतेक चालतात. आडतीवरच्या डीव्हीआरला एचडीएमआय वायर लावून सरळ मॉनिटर किंवा टीव्ही जोडा, ब्राउझर लागतोच कशाला? कामाची एखादी साइट जुनंच मागत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोड आहे. तो फक्त तुम्ही नोंदवलेल्या पानाला लागू होतो आणि हाताने केलेली नोंद ३० दिवसांनी आपोआप जाते. मेसेजने याला ‘कटकट’ म्हटलंय. मला तर मायक्रोसॉफ्टने अलीकडे केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी ती एक वाटते. आणि जावा ७ शिवाय खरंच अडतच असेल, तर एक जुनं मशीन त्याच एका कामाला ठेवा. त्यावर मेल नाही, बँक नाही, लोकांचे कागद नाहीत, पेनड्राइव्ह नाही.

‘कुणाचं काय झालं?’ झालेलं कळतं कुठे? पासवर्ड चोरणारा स्क्रीनवर येऊन राम राम घालत नाही.

राहिली ती झिप. ती कुणी बांधली हे गटातल्या कुणालाच ठाऊक नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये रशिया आणि युक्रेनमध्ये बॅड रॅबिट हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) पसरलं, ते बातम्यांच्या साइटींवरून ‘फ्लॅश अपडेट’च्या रूपातच. ज्यांनी झिप टाकलीय त्यांनी आधी त्या मशीनचं नेट काढावं आणि टोकन उपसून घ्यावं. पोर्टलचे आणि मेलचे पासवर्ड त्या मशीनवरून नव्हे, मोबाइलवरून बदलावेत आणि ‘सगळीकडून लॉगआउट’ दाबावं. कामाच्या फाइल बाजूला घेऊन विंडोज नव्याने टाकून घ्यावं. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करावा, दुसऱ्या दिवशी नाही.