सोनोग्राफी नॉर्मल आली, मग दुखतंय काय?

महिनोन्‌महिने ओटीपोट दुखतंय म्हणून हेलपाटे घालणाऱ्या बाईला शेवटी ऐकवलं जातं, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." या वाक्याचा मला मनापासून राग येतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या तपासणीत जे दिसू शकतं ते दिसलं नाही, एवढंच.

सोनोग्राफीत फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या गाठी दिसतात, चॉकलेट सिस्ट म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ दिसते. पण पोटाच्या आतल्या अस्तरावरचे एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) बारीक ठिपके बहुतेक वेळा दिसत नाहीत. मूत्राशयाचं दुखणं, आतड्याचा आयबीएस (पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं), कटिभागाच्या तळाशी आखडून बसलेले स्नायू यातलं तर काहीच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एंडोमेट्रिओसिस पाळीच्या वयातल्या सुमारे 10 टक्के बायकांना असतो, आणि निदानाला सरासरी 4 ते 12 वर्षं लागतात. शाळकरी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागते, तोवर दुखण्याला नावच नसतं!

खरं निदान प्रश्नांपासून सुरू होतं. फक्त पाळीत दुखतं की महिनाभर? लघवी साठली की वाढतं आणि करून आल्यावर कमी होतं का? शौचाला, संबंधांच्या वेळी, फार वेळ बसल्यावर? हे कुणी विचारत नसेल तर दोन-तीन महिने वहीत टिपून ठेवा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. मग हाताने तपासणी. उताणं झोपून मान उचलल्यावर दाबलेली जागा जास्त दुखली, तर दुखणं पोटाच्या भिंतीतलं असू शकतं. याला ना मशीन लागतं ना खर्च येतो.

पूर्वी एंडोमेट्रिओसिस म्हटलं की खात्रीसाठी आधी दुर्बिणीचं ऑपरेशन. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी हा आग्रह सोडला. लक्षणं जुळत असतील तर आधी हार्मोनच्या गोळ्या देऊन बघता येतं.

आणि "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला! दुखणं स्नायूंचं किंवा मूत्राशयाचं असेल तर पिशवी जाते, दुखणं राहतं. नेटवर बघून केगल, म्हणजे कटिभागाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम, करणाऱ्यांनीही जरा थांबावं. स्नायू आधीच आवळलेले असतील तर केगलने त्रास वाढू शकतो. तिथे ते सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट हवी.

दुखणं जुनं झालं की नसाच हळव्या होतात, मूळ कारण बरं झालं तरी कळ येत राहते. म्हणून कधी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन देतात. ती डिप्रेशनची गोळी म्हणून घाबरून बंद करू नका, इथे ती वेदनेसाठी असते. मात्र गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्याची गोळी दिली, तर ती खरंच हवी का, हे जरूर विचारा. ओटीपोटात ठळक कारण न सापडलेल्या 306 बायकांवरच्या, 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले.

हे सगळं जुन्या दुखण्याबद्दल. अचानक असह्य कळ, चक्कर, ताप, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखणं असेल तर वही-बिही नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.