जिप्सीच्या डिफरन्शियल ब्रीदरविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या वर्कशॉपला दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी की, पावसाळ्याआधी आमच्याकडे जिप्सीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटणाऱ्या, ऑइल भरलेल्या गिअरच्या पेट्यांना) ब्रीदरचे, म्हणजे आतली हवा ये-जा करू देणारे, पाइप लावून ते वर घेतले, तरीही तिलारीकडच्या ओढ्यांतून गाडी काढल्यावर पुढच्या डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ झाले. ब्रीदरवरचा कंपनीचा व्हॉल्व्ह काढून आम्ही त्या जागी ‘साधी रबरी नळी’ बसवली. मागच्या पाइपच्या टोकाचा हवेचा फिल्टर महिनाभरात मातीने लाल झाला. आणि हे सगळे झाल्यावर नकलचे, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या सांध्याचे, सील बदलायला सांगून आम्ही आणखी खर्च काढला. इतर जिप्सीवालेही हे वाचतील, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

पुढच्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरले होते याबद्दल वाद नाही. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन प्लग सैल केला, तेव्हा आधी पाण्याची बारीक धार आली आणि मग दुधाच्या कॉफीच्या रंगाचे ऑइल. प्लगला जांभ्याची लाल माती चिकटलेली आपणही पाहिलीत. प्रश्न एवढाच उरतो की पाणी आले कोठून. मागच्या डिफरन्शियलला त्याच जातीचा पाइप आहे, तो त्याच दिवशी त्याच ओढ्यांतून गेला, आणि तिथले ऑइल स्वच्छ निघाले. पुढचा पाइप निपलपासून सोडवून आम्ही आपल्यासमोर हवेने फुंकला. तो आतून कोरडा होता, आणि बॉनेटखाली फायरवॉलजवळ बसवलेले त्याचे वरचे टोकही कोरडे होते. उलट डाव्या नकलमागची रिंग सोडल्यावर फेल्ट वाळून कडक झालेले, रबरी सीलची कड फाटलेली आणि आतले ग्रीस पाण्याने पातळ होऊन गंजाच्या रंगाचे झालेले दिसले. उजव्या नकलमधले ग्रीस मात्र जसेच्या तसे होते.

जिप्सीच्या पुढच्या अॅक्सलची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना एवढे पुरेसे आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. पुढचे चाक वळते तो नकलचा गोळा बाहेरून फेल्ट आणि रबरी सीलने बंद केलेला असतो, आणि त्याच्या आत, अॅक्सलच्या नळीच्या तोंडाशी, एकच ऑइल सील असते. हे आतले सील डिफरन्शियलचे ऑइल नकलमध्ये जाऊ नये यासाठी बसवलेले असल्यामुळे उलट्या दिशेने, म्हणजे नकलकडून, आलेला दाब ते फार काळ अडवत नाही. बाहेरचे सील गेले की नकल पाण्याने भरतो आणि तेच पाणी नळीतून डिफरन्शियलपर्यंत पोहोचते. किंगपिनच्या, म्हणजे नकल ज्या खिळीवर वळतो तिच्या, बेअरिंगमध्ये खेळ (ढिलेपणा) असेल तर गोळा मध्यावर राहत नाही, आणि मग नवे सीलही एका बाजूने उघडे पडते. ब्रीदरचा पाइप वर घेतल्याने हाउसिंगला, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीला, श्वास घ्यायला वरची कोरडी हवा मिळते. फाटक्या सीलमधून येणारे पाणी अडवणे हे त्याचे काम नाही, आणि ते अडेल असे आम्ही कधी म्हटलेलेही नाही.

कंपनीचा व्हॉल्व्ह आम्ही काढला हे खरे आहे, आणि तो मुद्दाम काढला. तो छोट्या टोपीचा, एकमार्गी व्हॉल्व्ह असतो: आतली हवा तापून फुगली की टोपी उचलून ती बाहेर सोडतो, पण बाहेरची हवा आत घेत नाही. डांबरी रस्त्यावर यात काहीच बिघडत नाही. घाट चढून आलेल्या गाडीचे डिफरन्शियल तापलेले असते आणि ते तसेच थंड ओढ्यात उतरते, तेव्हा मात्र गणित बदलते. ८० अंश सेल्सियसची बंद हवा २५ अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे जवळजवळ दीड मीटर पाण्याच्या दाबाइतकी ओढ आत तयार होते. अर्धा मीटर खोल पाण्याचा स्वतःचा दाब याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच भरतो. थोडक्यात, ओढा किती खोल आहे यापेक्षा गरम हाउसिंग एकदम थंड होणे अधिक नडते, आणि हवेला यायला वाट नसेल तर ती ओढ सीलच्या कडेतून पाणी आत घेते. म्हणूनच दोन्ही बाजूंनी मोकळा असलेला पाइप हवा. पाण्यात उतरण्यापूर्वी गाडी थोडा वेळ उभी करावी असे आम्ही सांगतो, तेही याच कारणासाठी. आपण ते केले होते की नाही हे मला ठाऊक नाही, आणि ती चौकशी मी येथे करत नाही.

व्हॉल्व्हची दुसरी अडचण धुळीची. टोपीखाली चिखल जाऊन वाळला की ती जाम होते, तापलेल्या हवेला वाट राहत नाही आणि ऑइल पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये ताकद आणणाऱ्या छोट्या गिअरच्या) किंवा चाकाकडच्या सीलमधून बाहेर ढकलले जाते. आपली गाडी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मागच्या उजव्या ड्रममध्ये ब्रेक शू ऑइलने भिजलेले होते आणि ब्रीदरची टोपी बोटाने हलत नव्हती. जॉब कार्डवर या दोन्ही नोंदी आहेत.

‘साधी नळी’ याविषयी एवढेच की, ती ऑइलला न फुगणाऱ्या नायट्राइल रबराची, ६ मिमी आतील व्यासाची आहे. स्प्रिंगच्या पाट्यांची पूर्ण हालचाल होताना ताण येऊ नये इतकी ढील तिला ठेवली आहे, पण कोठेही झोळ ठेवलेला नाही, कारण झोळात ऑइलची वाफ थंड होऊन साठते आणि तोच बूच ठरतो. सायलेन्सरपासूनही ती दूर नेली आहे. पाण्याचा पारदर्शक पाइप आणून त्याचे टोक चेसिसच्या भोकात खुपसलेल्या गाड्याही आमच्याकडे येतात. चेसिसची पोकळी स्वतःच पाण्याने भरते हे कोणाच्या लक्षात येत नाही!

मागचा फिल्टर लाल झाला, कारण चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन धूळ तिथेच घोटाळते. मागच्या पाइपचे टोक आपल्या सांगण्यावरून टेललाइटच्या मागे ठेवले होते. ते पुढे बॉनेटखाली आणावे असे आमचे मत तेव्हाही होते. जी माती फिल्टरवर दिसते ती ऑइलमध्ये गेली नाही, हे मागच्या डिफरन्शियलच्या ऑइलवरून कळतेच. हा फिल्टर दाबलेल्या पितळी दाण्यांचा आहे. तो फेकू नये; डिझेलमध्ये बुडवून, आतून बाहेर हवा मारून वाळवला की पुन्हा चालतो. धुळीच्या प्रवासानंतर आणि पावसाळ्याआधी एवढे करणे पुरते.

राहिला सीलचा खर्च. डाव्या नकलला ओल दिसते आणि दोन्ही बाजूंचे सील पावसाळ्यापूर्वी बदलावेत, हे ब्रीदरच्या कामाच्याच जॉब कार्डवर लिहिलेले आहे. त्यापुढे ‘नंतर बघू’ असा आपला शेरा आणि सही आहे. त्यामुळे बिघाड झाल्यावर खर्च काढला, हे म्हणणे मला मान्य नाही. ब्रीदरच्या कामाचे पैसेही आम्ही परत करणार नाही, कारण ते काम जसे व्हायला हवे तसे झाले आहे.

दुधाळ ऑइलवर गाडी चालवत राहू नये, अशी मात्र कळकळीची विनंती आहे. पाणी मिसळलेले ऑइल दातांवर टिकत नाही, आणि गाडी उभी राहिली की बेअरिंगवर गंज धरतो. क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य गिअर, बदलण्याच्या मानाने सीलचा खर्च किरकोळ आहे. आपण सील आमच्याकडे बदलून घ्या किंवा दुसरीकडे, पण डावे-उजवे दोन्ही बदला, आतली अॅक्सल सीलही त्याच वेळी घाला आणि किंगपिनचा खेळ तपासून घ्या. नवे ऑइल भरून थोडी गाडी चालवल्यावर ते पुन्हा एकदा काढून टाकावे लागेल, कारण पहिल्या बदलात नळीतले सगळे पाणी निघत नाही. पुढच्या डिफरन्शियलमधून काढलेल्या ऑइलची बाटली आणि जुने फेल्ट आम्ही आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवले आहे. दुसऱ्या कोणत्याही मेकॅनिकला घेऊन आलात तरी ते दाखवू. सोमवारी वर्कशॉप बंद असते.

— वर्कशॉपचा मालक, कोल्हापूर