स्टेडियम बांधा, पण शाळेच्या पोरांचे दिवस करारात लिहा

एव्हरेटमध्ये बेसबॉल टीमसाठी जे नवीन मल्टि-पर्पज स्टेडियम बांधायचं चाललंय त्यावर लिहीन लिहीन म्हणत खूप दिवस गेले. परवा आपल्या इथल्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला. एक जण म्हणाला बेसबॉलमधलं आपल्याला काय कळतंय, दुसरी म्हणाली टॅक्स आपलाही जाणार मग बोलायला नको का, आणि तिसऱ्याने विचारलं की मल्टि-पर्पज म्हणतायत तर क्रिकेट होणार का. तिघांनाही उत्तर द्यायचंय म्हणून मोठं लिहितोय, सवडीने वाचा.

जे इथे राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. एव्हरेट हे अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या उत्तरेचं शहर, वस्ती एक लाख दहा हजारांच्या आसपास, बोइंगची ती अवाढव्य फॅक्टरी इथलीच. आणि इथली बेसबॉल टीम म्हणजे अ‍ॅक्वासॉक्स, हिरव्या बेडकाचं चिन्ह असलेली. सिअ‍ॅटल मरिनर्स या बड्या टीमची ही मायनर लीगची, म्हणजे खालच्या पायरीवरची टीम; उद्या टीव्हीवर दिसणारी पोरं आज विशीत इथे घाम गाळत असतात. फेलिक्स हर्नांडेझ २००३ मध्ये सतरा वर्षांचा असताना इथूनच खेळला. केन ग्रिफी ज्युनियर तर इथे पाहुण्या टीमकडून आला होता, बेलिंगहॅमकडून, आणि त्याच्या प्रोफेशनल करिअरमधला पहिला होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका) त्याने १९८७ च्या जूनमध्ये एव्हरेटच्या आत्ताच्या मैदानावर मारला. तोही तेव्हा सतराचाच. त्या होमरनची आठवण म्हणून तिथे फलक लावलाय. मी पहिल्यांदा तो वाचला तेव्हा बराच वेळ तिथेच उभा होतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. त्यामुळे गावाची टीम आणि गावाचं मैदान हे काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच असली की आमच्या गल्लीत दुपारनंतर कुणी भेटायचं नाही. वडील दुकान लवकर बंद करायचे, चालत जायचो, चालत यायचो आणि येताना रेफ्रीने काय चूक केली यावर घरापर्यंत भांडण. गेल्या उन्हाळ्यात आई इथे आली होती, तिला अ‍ॅक्वासॉक्सच्या मॅचला घेऊन गेलो. खेळ तिला फारसा समजला नाही, पण पुढच्या रांगेतले एक आजोबा बॅटिंगला आलेल्या पोराला नावाने हाका मारून धीर देत होते ते बघून म्हणाली, "हे अगदी आपल्या पेठेतल्यासारखंच की रे." मॅच संपल्यावर लहान पोरांना बेसवरून पळायला सोडलं, माझी लेक पण पळाली, आजी कठड्याला टेकून टाळ्या वाजवत होती. हे सगळं या गावातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना माझी बाजू कुठली याचा प्रश्न राहणार नाही.

आता अडचण काय झालीये. २०२० नंतर मेजर लीग बेसबॉल या सर्वात वरच्या लीगने मायनर लीगचा सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला, १६० टीमच्या १२० केल्या आणि उरलेल्यांना मैदानाचे नवे नियम लावले. लाइट कसे, ड्रेसिंग रूम केवढ्या, पाहुण्या टीमला काय, महिला स्टाफसाठी वेगळी खोली, इनडोअर बॅटिंगची सोय, असं बरंच काही. यातलं बरंचसं खेळाडूंच्या आणि स्टाफच्या भल्याचंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आत्ताचं मैदान या नियमांत बसत नाही, आणि वर ते स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मालकीचं. पूर्वी अ‍ॅक्वासॉक्सचा सीझन छोटा होता, जूनमध्ये सुरू, घरच्या मॅचेस ३८. शाळा सुटल्या की टीम यायची, कुणाचं कुणाला अडत नव्हतं. २०२१ मध्ये टीम वरच्या लेव्हलला गेली आणि आता सीझन एप्रिलपासून, घरच्या मॅचेस ६६. एप्रिल-मे म्हणजे हायस्कूलच्या पोरांच्या बेसबॉलचा भर सीझन! मग एकाच मैदानावर दोघांनी कसं मावायचं?

हे नीट लक्षात घ्या, कारण इथे चर्चा होते ती टीम जाईल की राहील याचीच. ज्या पोरांच्या मैदानावर ही टीम इतकी वर्षं खेळली त्या पोरांचं काय, हे कुणी फारसं बोलत नाही.

शहराने आणि टीमने मिळून पर्याय तपासले. आहे तेच मैदान सुधारायचं किंवा डाउनटाउनमध्ये नवीन बांधायचं, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये शहराच्या कौन्सिलने डाउनटाउनची जागा निवडली, एंजल ऑफ द विंड्स अरीनाच्या जवळची. बेसबॉलबरोबर सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल), कॉन्सर्ट, गावचे कार्यक्रम, म्हणून मल्टि-पर्पज. मला जागा पटलीये. अरीना आहेच शेजारी, रेल्वे आणि बसचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मैदान गावाच्या मध्यात असलं की लोक येतात हे मी लहानपणापासून बघितलंय. पण त्या जागेवर आज चालू धंदे आहेत, तिथे माणसं रोज कामाला येतात. त्यांना बाजारभाव द्या, हलायला पुरेसा वेळ द्या आणि याच गावात दुसरी जागा शोधून द्या, नुसता चेक हातात देऊन मोकळं होऊ नका. वीस वर्षं एका कोपऱ्यावर चाललेल्या दुकानाचं गिऱ्हाईक चेकबरोबर येत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. आकडा सुरुवातीला ८ कोटी डॉलरच्या आसपास होता, मग १० कोटींच्या पुढे गेला. आणि हेच शहर २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रॉपर्टी टॅक्स वाढवायला लोकांची परवानगी मागत होतं, लोकांनी नाही म्हटलं. अशा गावात "स्टेडियममुळे पैसा येईल" हे वाक्य मला चालत नाही. अर्थशास्त्राचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगतायत की स्टेडियममुळे गावाचं उत्पन्न फारसं वाढत नाही, लोक सिनेमा-हॉटेलात घालवणारा पैसा तिथे घालवतात एवढंच. म्हणून स्टेडियम हवं असेल तर लायब्ररी किंवा पार्क हवं असतं तसं हवं म्हणा. गावाला एकत्र बसायला जागा हवी म्हणून हवं. मला ते कारण पुरेसं आहे, पण मग खर्चाला वरची मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली तर जास्तीचे पैसे टीमने भरायचे हे आधीच लिहून घ्या.

किंगडोमची गोष्ट इथल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावी. सिअ‍ॅटलमधलं ते १९७६ चं काँक्रीटचं घुमटाचं स्टेडियम, तेही मल्टि-पर्पजच! बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, काही वर्षं बास्केटबॉलसुद्धा. १९९४ मध्ये छताच्या टाइल्स खाली पडल्या, २००० च्या मार्चमध्ये स्फोटकं लावून पाडलं आणि त्याचं कर्ज लोक २०१५ पर्यंत फेडत होते. नसलेल्या इमारतीचे हप्ते पंधरा वर्षं! आणि दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, सोनिक्स, म्हणजे सिअ‍ॅटलची बास्केटबॉल टीम. अरीनाच्या वादातून ती टीम ४१ वर्षांनंतर २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेली, आणि माझ्या ऑफिसमधला एक सहकारी अजूनही तो विषय निघाला की गप्प होतो. म्हणजे घाईचं नुकसान आणि टीम गमावण्याचं नुकसान, दोन्ही आपल्याच परिसराने सोसलंय.

आता ते मल्टि-पर्पज. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, उभा राहतो तो मातीचा उंचवटा दहा इंचांचा असतो आणि तो नेमका तिथे येतो जिथे सॉकरची पोरं पळणार. म्हणून तो हलवता येणारा पाहिजे, कृत्रिम गवत पाहिजे, आणि हे बदलायला माणसं आणि वेळ लागतो. ६६ दिवस बेसबॉलचे, त्यात सॉकर, कॉन्सर्ट, मध्ये मैदान बदलायचे दिवस, वर इथला पाऊस, मग गावाला उरतं काय? जे उरेल ते, असं ठेवलं तर काहीच उरणार नाही. क्रिकेटचं विचारणाऱ्या मित्रांनो, या आकारात पूर्ण मैदान बसणं अवघड आहे. टेक्सासमध्ये ग्रँड प्रेअरीला बेसबॉलचं स्टेडियम क्रिकेटचं केलं, पण तिथे आधीची टीम गेलेली होती आणि सगळं नव्याने बांधून काढलं. आपण इथे टेनिस बॉलची बॉक्स स्पर्धा मागू शकतो, आणि मी ती मागणार आहे.

पण त्याच्या आधी माझी मागणी एकच आहे. करार होईल तेव्हा त्यात वर्षाचे ठरावीक दिवस शाळा आणि गावासाठी राखून ठेवलेले असले पाहिजेत, आकड्यासकट. "शक्य असेल तेव्हा" असला शब्द नको. हायस्कूलच्या फायनल तिथे खेळवा, एखाद्या संध्याकाळी गावाला नुसतं चालायला गेट उघडं ठेवा. डी. वाय. पाटील स्टेडियमचं उदाहरण द्यायचा मोह होतो, क्रिकेट, फुटबॉल, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कॉन्सर्ट, सगळं तिथे झालं. पण तो तिकिटाचा मल्टि-पर्पज झाला. मी बोलतोय ते बिनतिकिटाच्या दिवसांबद्दल.

बुधवारी कौन्सिलची मीटिंग असते, कुणालाही बोलता येतं, तीन मिनिटं मिळतात. मी नाव देणार आहे, भाषण इंग्रजीत लिहून काढलंय, लेकीने दोनदा वाचून वेळ लावला, दोन मिनिटं पन्नास सेकंद होतायत. एव्हरेटमध्ये राहणारे जे कोणी हे वाचताय ते या, नाहीतर ईमेल तरी करा. आणि तुमच्या मते किती दिवस मागावेत? मी वीस लिहिलेत. कमी वाटत असतील तर मंगळवारच्या आत सांगा, बदलतो.