रॉकेटवर सासूबाई

फुल डे डेझर्ट सफारी हा प्रकार ज्या कोणी शोधून काढला त्याची घरी कोणी वाट बघत नसणार. कारण त्यात मुद्द्याची गोष्ट एकच, सूर्य मावळताना उंटावर बसायचं, आणि ती पंधरा-वीस मिनिटांत आटपते, पण तुम्हाला हॉटेलातून उचलतात सकाळी साडेनऊला. मधल्या वेळात तुम्ही नुसते तापत राहता.

नाताळच्या सुट्टीत जैसलमेर हे आमच्या घरात ठरलंच नाही, ते सोसायटीच्या वॉट्सॅप ग्रुपवर ठरलं. सेक्रेटरी काकांनी एका टूरवाल्याची पीडीएफ टाकली, त्यात एका उंटाचा फोटो आणि खाली "वाळवंटातील नीरव शांतता अनुभवा". आता बोरिवलीत हायवेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला कोणी नीरव शांतता देतो म्हटलं तर तो किंमत बघायच्या आधीच हो म्हणतो, तसंच झालं, रात्रीपर्यंत चार कुटुंबं तयार. निघायच्या दिवशी बोरिवलीलाच गाडीत चढलो (सगळं सामान घेऊन बांद्रा टर्मिनसपर्यंत जाणं ही एक स्वतंत्र सफारी आहे, त्याबद्दल परत कधीतरी).

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. वय बहात्तर, दोन्ही गुडघे बदलून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलेले आणि त्यांनी न ऐकलेले. "मी आपली तंबूत बसून राहीन गं, तुम्ही जा उंटावर" हे त्या बोरिवलीपासून जैसलमेरपर्यंत दर स्टेशनला सांगत होत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी उंट बुक करायचा की नाही यावर आम्ही नवरा-बायको अप्पर बर्थवरून कुजबुजत भांडलो.

सकाळी जीप आली. उघडी, मागे बाकं, धरायला लोखंडी दांडा. दांडा बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, रोज चर्चगेट फास्टला लोंबकळणाऱ्या बाईला वाळूत काय भीती, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालेसुद्धा.

वाटेत कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव, पिवळ्या दगडाच्या नुसत्या भिंती उभ्या, छपरं गेलेली, गल्ल्या मात्र अशा सरळ की आमच्या वॉर्डातल्या इंजिनियरला आणून दाखवावं. गाइडने दंतकथा सांगितली की सालिम सिंह नावाच्या दिवाणाच्या जाचाला कंटाळून पालीवालांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत खाली झाली. लोक भूतबित आहे का ते बघायला इकडे तिकडे डोकावत होते. सेक्रेटरी काका मात्र एका ओट्यावर बसूनच राहिले. "चौऱ्याऐंशी गावं," ते म्हणाले, "एका रात्रीत. आणि आपली बत्तीस बिऱ्हाडं! रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही करायला जोशांना मुहूर्त मिळत नाही." जोशी बाजूलाच फोटो काढत होते, त्यांनी अजून एक फोटो काढला. पुढे जीपमध्ये बसेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही, पीडीएफमधली शांतता आम्हाला मिळाली ती एवढीच.

मग सम. जैसलमेरपासून साधारण चाळीस किलोमीटर, वाटेत दोन्ही बाजूंना पवनचक्क्या फिरताहेत, मधेच शेळ्यांचा कळप रस्ता अडवून उभा. कॅम्पवर पोचल्यावर जेवण, दाल-बाटी, गट्टे आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, असं वाढप्याशी बोलता बोलता माझ्या नवऱ्याने फोनमध्ये बघून जाहीर केलं. तळमजल्यावरच्या काकूंचा घास हातातच राहिला. "शमी? अरे आपण गणपतीला वाहतो ती शमी? आणि हे लोक भाजी करतात?" पण पाऊस नाही तिथे तेच झाड टिकतं, दुष्काळात माणसांनी त्याच्या सालीवर दिवस काढलेत, राजस्थानचा राज्यवृक्षच आहे तो, हे कळल्यावर काकूंनी पानाला नमस्कार केला आणि सांगरी दोनदा मागून घेतली.

दुपारी जीप वाळूत घातली. आधी ड्रायव्हरने चारही टायरमधली हवा सोडली. आम्ही हादरलोच, पण ते मुद्दाम करतात म्हणे, हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. त्यानंतर जे झालं त्याबद्दल मी फार सांगणार नाही. टेकडीच्या टोकावर जीप क्षणभर थांबते, समोर फक्त आकाश दिसतं, आणि मग आकाशही दिसत नाही. चर्चगेट फास्टवाल्या बाईने त्या वेळी जो आवाज काढला तो जोशांच्या व्हिडिओत आहे आणि तो व्हिडिओ ग्रुपवर आहे.

आता उंट.

उंट लांबून फार देखणा दिसतो. मान उंच, पापण्या लांब, गळ्यात मण्यांच्या माळा, अंगावरचे केस कातरून काढलेली नक्षी, चेहऱ्यावर असा भाव की तुमचं पॅन कार्ड आधारला लिंक नाहीये हे त्याला माहीत आहे. जवळ गेलं की मात्र वास येतो आणि लक्षात येतं की हा प्राणी बसलेला असतानाच आपल्या छातीएवढा आहे. पाठीवर लाकडी पलाण, त्यावर गोधड्यांचा थर, पुढे धरायला लोखंडी कडी, ती हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. नाकात लाकडाची खुंटी, तिला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक एका अनवाणी पोराच्या हातात, त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल.

एका उंटावर दोघं. वजनं बघून जोड्या लावायचं काम तो पोरगा करत होता, आमच्याकडे खालून वरपर्यंत बघून म्हणाला "भारी वाला पीछे". मी आणि नवरा दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली पण असा थेट प्रश्न आमच्यात कधी आला नव्हता. शेवटी पोरानेच मला मागे बसवलं. मी उंटाचं नाव विचारलं (ओळख असलेली बरी) तर म्हणाला, "उसका रॉकेट है. इसका अभी रखा नहीं."

रॉकेट बाजूलाच बसला होता. आणि तंबूत बसून राहणार असलेल्या आमच्या सासूबाई कानटोपी घालून, नऊवारी नाही पण पाचवारीच गुडघ्यापर्यंत खोचून, आत लेगिंग घातलेली होती म्हणजे पूर्वतयारी बोरिवलीपासूनच होती, माझ्या मुलाच्या मागे रॉकेटवर बसून तयार होत्या. "आता इतक्या लांब आलोय तर," एवढंच म्हणाल्या.

उंट उठतो तेव्हा मागचे पाय आधी सरळ करतो. हे कोणी आधी सांगत नाही, सांगितलं तरी समजत नाही. मागून एकदम लिफ्ट वर जाते, तुम्ही पुढे, नवऱ्याच्या पाठीवर, नवरा उंटाच्या मानेवर, कडी पोटात, चष्मा हवेत, आणि पोरगा ओरडतो "मॅडम पीछे झुको, पीछे!" तुम्ही सगळी ताकद लावून मागे झुकता नेमकं तेव्हा उंट पुढचे पाय सरळ करतो, की तुम्ही मागे. मग सगळं स्थिर होतं आणि खाली बघितलं तर जमीन पहिल्या मजल्यावरून दिसते तितकी खाली.

चालणं तर विचारूच नका. उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही. त्यामुळे वरचा माणूस दर पावलाला डावीकडे, उजवीकडे, शिवाय पुढे-मागे, म्हणजे मला कोणीतरी सुपात घेऊन पाखडत होतं. पाच मिनिटांत मांड्यांच्या आतल्या बाजूला असे स्नायू सापडले जे शाळेतल्या पीटीच्या बाईंनाही कधी सापडले नव्हते.

नवरा मात्र मजेत. मान वळवून मागे सूचना, "कंबर सैल सोड, तालात हल", तिकडे सासूबाईंना सूचना, "आई कडी सोडू नकोस", मुलाला सूचना, खाली चालणाऱ्या पोरालासुद्धा सूचना. त्यात योगायोगाने बाजूच्या उतारावर खरोखरच शेळ्या चरत होत्या. सासूबाई रॉकेटवरून शांतपणे म्हणाल्या, "अरे, त्या बघ, त्या राहिल्यात हाकायच्या."

मग तो गप्प बसायला पाहिजे होता, पण त्याने उंटाची माहिती सांगायला घेतली. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. सगळी चरबी एकाच ठिकाणी ठेवली की बाकीच्या अंगातली उष्णता पटकन बाहेर पडते, म्हणून उंटाला उन्हाचा त्रास कमी. इथे तो थांबला आणि मी काही बोलले नाही, माझी सगळीकडे समान वाटप झालेली आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पितो आणि मग कितीतरी दिवस मागत नाही, हे ऐकून मागच्या उंटावरून सेक्रेटरी काका ओरडले, "हा आपल्या सोसायटीत पाहिजे होता, पाणीकपातीत."

पोराला मी विचारलं, घरी किती उंट. म्हणाला आजोबांकडे मोठा कळप होता, आता हे दोनच. नंतर हॉटेलवर वाचलं तर 2019 च्या पशुगणनेत देशात जेमतेम अडीच लाख उंट उरले होते, 2012 पेक्षा सदतीस टक्क्यांनी कमी, आणि हे 2014 मध्ये राजस्थानने त्याला राज्यपशू केल्यानंतर. शेतात ट्रॅक्टर आले, ओझ्याला पिकअप आले, चराईची जमीन कमी झाली, उरलं काय तर आम्ही, मुंबईहून येऊन कडी धरून किंचाळणारे. त्या बिननावाच्या उंटाच्या चेहऱ्यावरचा भाव मग मला जरा पटला.

पॅकेजमधली राईड "यहाँ तक" होती हे आम्हाला वाटेत कळलं. जिथून सूर्य नीट दिसतो ती टेकडी पुढे, तिचे पैसे वेगळे. टूरवाल्याला फोन लावला तर रेंज नाही, म्हणजे त्याला नाही, आम्हाला होती. उंटावर बसून घासाघीस करता येत नाही, हे व्यवसायाचं मर्म त्या पोराला बरोबर कळलेलं होतं, कारण उतरवणं त्याच्याच हातात. दिले.

आणि त्या टेकडीवर गेलो तर काय, अख्खा महाराष्ट्र. थोडं गुजरात, थोडं बंगाल, पण बाकी सगळे आपले. चहावाला, भुट्टेवाला, चिप्सची पाकिटं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पलीकडच्या कॅम्पवर डीजेचं साउंड टेस्टिंग चालू, एक मुलगा खडताल वाजवत अगदी सुरेख गात होता पण लोक त्याला सांगत होते "भैया जरा साइड में, फ्रेम में आ रहे हो". बाजूच्या उंटावरून एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही मुंबईचे का? मी म्हटलं हो, तुम्ही? म्हणाले, पुणे. मग सूर्याकडे बघून म्हणाले, "बरा आहे." सूर्य लालबुंद होऊन वाळूच्या कडेला टेकला तेव्हा एकाच वेळी शेकडो मोबाइल वर गेले, मी दोन्ही हातांनी कडी धरलेली असल्यामुळे कदाचित मीच एकटी त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत होते, आणि तेसुद्धा हलणारा.

उतरणं हे चढण्याचंच उलटं असेल असं वाटलं होतं, तर नाही, उतरतानाही आधी पुढेच. उंट पुढचे गुडघे टेकतो, तुम्ही परत नवऱ्याच्या पाठीवर. सासूबाई मात्र अशा सरळ उतरल्या की रॉकेटला वाईट वाटलं असेल. त्याच्या मानेवर थोपटून म्हणाल्या, "गुणी आहे हो."

रात्री कॅम्पवर कालबेलिया नृत्य. 2010 साली युनेस्कोच्या यादीत गेलेला हा नाच, त्या मुली इतक्या वेगात गिरक्या घेतात की घागऱ्याचं नुसतं काळं वर्तुळ दिसतं, आणि त्यांनी हात धरून काकूंना मधे ओढलं तेव्हा काकूंनी त्याच ठेक्यावर मंगळागौरीची फुगडी घातली, जमली पण. तोपर्यंत थंडी अशी पडली की दुपारी "स्वेटर कशाला" म्हणणारे सगळे तंबूतल्या रजया गुंडाळून जेवायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलंगावरून उतरायला दोन माणसं लागली. त्यात किल्ला बघायचा होता, 1156 साली रावल जैसलने बांधायला घेतलेला, आत अजूनही लोक राहतात, आणि सगळा चढ. मी पायांमध्ये अदृश्य उंट असल्यासारखी चालत होते. सासूबाई पुढे. वरच्या दरवाज्यापाशी थांबून विचारताहेत, "आज परत आहे का गं उंट?"

दुपारी फोटो ग्रुपवर टाकला. पोराने काढलेला, चांगला आलाय खरं तर. वाळू, मागे मावळता सूर्य, उंट, उंटावर आम्ही, आजूबाजूला भुट्टेवाला, चहावाला आणि दोनेकशे माणसं. खाली मी लिहिलं, "सूर्यास्त, थारचं वाळवंट". नेट स्लो होतं त्यामुळे ते लिहिलेलं गेलंच नाही, नुसता फोटो गेला. दोन मिनिटांत दादरच्या आत्याचा रिप्लाय आला.

"जुहू का गं? सांगायचं ना, आम्ही पण आलो असतो."