टिनियनचा नॉर्थ फील्ड अणुबॉम्बसाठी बांधलेला नव्हता

ऑगस्ट उजाडला की एक मजकूर हटकून फिरू लागतो: पॅसिफिकमधील टिनियन बेटावर अमेरिकेने केवळ अणुबॉम्बसाठी गुप्त विमानतळ बांधला, ‘एनोला गे’ विमानाने तेथूनच दोन्ही बॉम्ब नेले आणि किरणोत्सर्गामुळे त्या ओसाड तळावर आजही पाऊल ठेवता येत नाही. यात खरे एवढेच, की दोन्ही बॉम्ब तेथील नॉर्थ फील्डवरून गेले.

आधी बांधणीविषयी. त्या जागी मुळात जपानी धावपट्टी होती. ऑगस्ट १९४४ च्या आरंभी बेट हाती आल्यावर अमेरिकी नौदलाच्या बांधकाम पथकांनी ती वाढवली आणि प्रवाळाचा भराव घालून सुमारे २,६०० मीटर लांबीच्या चार धावपट्ट्या सिद्ध केल्या. दोन बॉम्बसाठी एवढा खटाटोप कोण करील? तो होता बी-२९ या लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानांच्या मोठ्या ताफ्यासाठी. मार्च १९४५ मध्ये टोकियो जाळणाऱ्या विमानांपैकी काही येथूनच उडाली होती. अणुबॉम्बसाठी म्हणून खास काही केले असेल, तर ते दोन खड्डे. बॉम्बचा आकार असा, की उभ्या विमानाच्या पोटाखाली तो सरकवता येईना. म्हणून तो आधी खड्ड्यात उतरवायचा, विमान मागे ढकलत नेमके खड्ड्यावर आणायचे आणि मग हायड्रॉलिक जॅकने बॉम्ब वर चढवायचा.

दोन्ही बॉम्ब एकाच विमानाने नेले, हेही चूक. हिरोशिमावर ६ ऑगस्टला ‘एनोला गे’ गेले. ९ ऑगस्टला नागासाकीवर गेले ते चार्ल्स स्वीनी यांनी चालवलेले ‘बॉक्सकार’. गोंधळाचे कारण मात्र समजण्याजोगे आहे, कारण त्या दिवशी ‘एनोला गे’सुद्धा हवेत होते, पण कोकुरा या मूळ लक्ष्यावरील हवामान पाहण्यासाठी.

राहिला किरणोत्सर्ग. बॉम्ब तेथे फुटलेच नाहीत. उलट, उड्डाणातच विमान कोसळले तर बेट उडेल या भीतीने हिरोशिमाच्या बॉम्बमधील स्फोटक दारू बॉम्बची जबाबदारी असलेले नौदल अधिकारी विल्यम पार्सन्स यांनी विमान हवेत गेल्यावर भरली. (नागासाकीच्या बॉम्बबाबत तशी सोय नव्हती, तो पूर्ण जुळवलेलाच नेला गेला.) पुढे बुजवलेले ते खड्डे २००४ मध्ये पुन्हा उघडून त्यांवर काचेचे छत घातले गेले आणि पर्यटक ते वाकून पाहतात. धावपट्ट्यांभोवती माजले ते रान, आणि त्यात मुख्यतः आपल्याकडे चाऱ्यासाठी लावतात ती सुबाभूळ. तळ पुन्हा वापरात आणण्यासाठी अमेरिकी हवाई दलाने अलीकडे तीच तोडायला घेतली आहे.