पगारवाढीच्या करारानं बोनस बुडत नाही

‘युनियननं पगारवाढीचा करार केला की नफ्यातला वाटा गेला’ हा मेसेज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. पगारवाढ वेगळी, बोनस वेगळा. 1965 च्या बोनस कायद्यानं ठरवलेला किमान 8.33 टक्के बोनस 2019 च्या वेतन संहितेतही आहे; पात्र कामगाराला तो तोट्याच्या वर्षीही द्यावा लागतो (नव्या कारखान्यांना सुरुवातीची सूट असते). कमाल 20 टक्के. पगार वाढला की नफा थोडा घटतो, किमानाच्या वरचा बोनस कमी बसू शकतो, एवढं खरं. उत्पादनाशी जोडलेल्या बोनसचा करार झाला तरी किमानाखाली जाता येत नाही. कन्नड-इंग्रजी कागदावर सही करण्याआधी, दादांनो, बोनसचं कलम मराठीत समजावून मागा.